शेवटचं कडवं गाळू नका !

(विहाराच्या वर्धापन दिनी स्मरणिका समितीच्या वतीने केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापन दिनी आमच्या समितीकडे विषय आला आहे तो 'दिवंगत कलावंत आणि लोकनायकांचे स्मरण' हा. विषय ठरला तेव्हा काही जाणत्या मंडळींनी विचारले, की अहो, विहारात धम्मावर बोलायचे की गाणे-बजावणे करणाऱ्यांवर आणि सिनेमातल्या नटांवर ? प्रश्न रास्त आहे. सगळे संस्कार अनित्य आहेत, असे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. जन्माला आला तो जाणारच. मग गेलेल्याचे नाव धरून बसायचे ते कशासाठी ? या प्रश्नाला आधी उत्तर देऊ आणि मग पुढे जाऊ.

राजगृह नगरीत डोंगरमाथ्यावर मोठी जत्रा भरत असे. नट, नर्तक, गाणारे असे सगळे येत. उपतिस्स आणि कोलित हे दोघे जिवलग मित्र ती जत्रा बघायला गेले. पहिल्या दिवशी हसले, टाळ्या दिल्या, बक्षीसही दिले. मग एके दिवशी त्यांचे मन लागेना. शंभर वर्षे व्हायच्या आत या खेळ करणाऱ्यांपैकी आणि हा खेळ बघणाऱ्यांपैकी कोणीही उरणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. तेथून ते सत्याच्या शोधाला निघाले. हेच दोघे पुढे भगवान बुद्धांचे अग्रश्रावक झाले, सारिपुत्त आणि मोग्गल्लान. म्हणजे बघा, अनित्यतेचा धडा त्यांना मिळाला तो कलावंतांच्या मंचासमोर बसून.

दुसरी गोष्ट तालपुटाची. तालपुट हा नटांचा नायक होता, त्याला नटगामणी म्हणत. राजगृहाच्या वेळुवनात तो भगवंतांकडे आला आणि म्हणाला, आमचे जुने गुरू सांगतात, की रंगमंचावर खऱ्या-खोट्याने लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. हे खरे काय ? भगवंतांनी दोनदा उत्तर टाळले. हे विचारू नकोस, म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले, की लोकांच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह आधीच असतो. नट त्यात भर घालत असेल, स्वतः बेहोष होऊन दुसऱ्याला बेहोष करत असेल, तर त्याची गती चांगली नाही. तालपुट रडू लागला. भगवंतांच्या बोलण्याचे त्याला वाईट वाटले नव्हते. आपल्या गुरूंनी आपल्याला इतकी वर्षे फसवले, याचे वाईट वाटले. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आजही आहेत.

बंधू-भगिनींनो, या गोष्टीत कलावंताला मोजण्याचे माप आहे. पडदा पडल्यावर, गाणे संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनातला लोभ, द्वेष, मोह वाढला की कमी झाला ? घरी जाताना माणूस शहाणा होऊन गेला की बेहोष होऊन गेला ? ज्यांनी लोकांना जागे केले त्यांचे स्मरण विहारात करायला काहीच हरकत नाही, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे सगळे आपण पुस्तकात वाचतो. पण त्या काळात आपल्या वस्त्यांमध्ये वाचता येणारी माणसे होती किती ? रेडिओ नाही, टीव्ही नाही, वर्तमानपत्र आले तरी वाचून दाखवायला कोणी नाही. मग बाबासाहेबांचा शब्द गावकुसाबाहेरच्या झोपडीपर्यंत पोचला कसा ?

तो पोचवला जलशांनी. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीतून सत्यशोधक जलसा उभा राहिला आणि त्याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसा आला. ढाचा तमाशाचाच होता, कारण लोकांना तो ओळखीचा होता. पण गवळण गेली, लावणी गेली, बाई नाचवणे गेले. त्यांच्या जागी आले सवाल-जवाब. पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, अंगात येणे-बिणे सगळे थोतांड आहे, असे ते विषय होते. दिवसभर काम करून आलेली माणसे रात्री गॅसबत्तीच्या उजेडात ढोलकी-तुणतुण्यावर उभी राहत आणि हसवता हसवता लोकांचे डोळे उघडत.

या जलशातले मोठे नाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातले शाहीर भीमराव कर्डक. आपली दहा भाषणे आणि यांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी त्यांच्याबद्दल काढले, असे सांगितले जाते. पण भीमरावांचे आणखी एक काम आहे, आणि आजच्या विषयात त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे. १९७८ साली त्यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक निघाले. स्वतः शाहिराने जलशांची हकीकत लिहून ठेवली म्हणून ती आज आपल्याला कळते. लिहिले नसते तर ? गॅसबत्ती विझली तसा सगळा इतिहासही विझला असता.

आता १९६९ हे साल आठवा. तरुणांनी ही तारीखवार यादी वहीत लिहून घ्यावी. १३ जून १९६९ रोजी आचार्य प्र. के. अत्रे गेले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी शाहीर अमर शेख अपघातात गेले. अकरा आठवड्यांत महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज बंद झाले.

अत्र्यांचा आपल्याशी काय संबंध, असे पोरे विचारतील. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाला. त्या अथांग जनसमुदायापुढे श्रद्धांजलीचे भाषण केले ते अत्र्यांनी. त्याआधी १९५४ च्या जानेवारीत अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. लोकांना पोट धरून हसवणारा हा नाटककार, आपल्या बापाच्या चितेपाशी उभा राहून आपल्या वतीने रडला. हा संबंध लहान नाही.

अमर शेख हे बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गरिबीतून, कामगारांच्या चळवळीतून वर आलेला हा माणूस. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेचा उंबरठा ओलांडला न ओलांडला इतकेच शिक्षण. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मंडळींनी मुंबई दणाणून सोडली. १९५८ साली मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ ची, आणि ती त्यांनी अर्पण केली बाबासाहेबांच्या लेखणीला. हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिला आणि शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात हलाखीत गेला. वय किती, तर अवघे अठ्ठेचाळीस.

पुढे काय झाले ते ऐका. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियात मॉस्को शहरात त्यांचा पुतळा उभा राहिला. फार चांगले झाले, अभिमानाची गोष्ट आहे. पण मनात एक प्रश्न राहतोच. हयात असताना ज्याला धड घर मिळाले नाही, त्याला गेल्यावर पुतळा मिळतो. ही रीत बदलायची कोणी ?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचेही तेच. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. फडावर नाचत असताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला माहीत आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. पण भगिनींनो, तुम्हीच सांगा, यात कौतुक कसले ? बाळंतिणीला दोन दिवस टेकायला मिळू नये, ही त्या धंद्याची आणि त्या समाजाची निष्ठुरता नव्हे काय ? १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या, त्याही तंगीतच. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्काराचे स्वागत आहे. मात्र विठाबाईंची आठवण काढायची तर त्यांच्या नाचाबरोबर त्यांच्या कष्टाचीही काढली पाहिजे, नाहीतर ती अर्धीच आठवण.

आता या वस्तीच्या काळजाच्या दोन माणसांकडे येऊ. २००४ साल. १५ मे रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे गेले. चाळीस दिवसांच्या आत एक लेखणी गेली आणि एक गळा गेला. (भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे, मुलांनी घोटाळा करू नये. दोघेही नाशिक जिल्ह्याचे, आडनाव एक, एवढेच.)

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले, गिरणीत खपले, पडेल ते काम केले. लहानपणी शाळा नाही. जाणत्या वयात अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि मग साठ वर्षे ती लेखणी थांबली नाही. गावोगाव पायपीट केली. जेवण मिळाले तर जेवले, नाहीतर पाणी पिऊन गायले. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाटी वाचता न येणारा पोरगा साहित्य संमेलनाच्या खुर्चीवर बसला. आपल्या चळवळीने काय केले, असे कोणी विचारले तर एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे. त्यांनी विठ्ठलाचीही गाणी गायली आणि भीमाचीही. कव्वालीचा फड तर त्यांचाच. एकाच गळ्यातून आषाढीला पंढरपूरची वाट आणि चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघायची. यावर कोणी नाक मुरडतात. आम्ही म्हणतो, गळ्यावर पोट असलेल्या कलावंताला असे दरडावू नये. दुसऱ्याच्या दारात ज्या आवाजाला मान मिळाला, तोच आवाज आपल्या दारात येऊन बाबासाहेबांचे नाव घेत होता, हे लक्षात ठेवावे. आज त्यांची मुले आणि नातू गातात, तेव्हा तो वारसा चालू आहे.

आता मुद्द्याचे बोलतो. वामनदादांचे कोणतेही गीत नीट ऐका. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' येते ना, तसेच. शाहिराजवळ छापखाना नव्हता, सही करायला पुस्तक नव्हते, वकील नव्हता. गाण्यातच आपले नाव विणून टाकायचे, म्हणजे गाणे कुठेही गेले तरी धन्याचे नाव बरोबर जाईल, असा तो साधा बंदोबस्त होता.

आणि आजकाल काय होते ? जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लागतो. ध्रुवपद वाजते, पहिले कडवे वाजते, लगेच पुढचे गाणे. स्पर्धेत मुलांना तीन मिनिटे दिलेली असतात, म्हणून मास्तर शेवटची दोन कडवी कापतात. मोबाईलवर तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. कापले जाते ते नेमके शेवटचे कडवे, ज्यात कवीचे नाव असते ! मग गाणे उरते आणि गाणे लिहिणारा पुसला जातो. नव्या पोरांना विचारा, हे गीत कुणाचे ? पोरगा गायकाचे नाव सांगतो, नाहीतर मोबाईलमधल्या ज्या चॅनेलवर बघितले त्याचे नाव सांगतो. माणूस एकदा देहाने जातो, त्याला इलाज नाही. पण शेवटचे कडवे गाळून आपण त्याला दुसऱ्यांदा मारतो, त्याला मात्र इलाज आहे.

आपल्या धम्माची परंपरा याच्या अगदी उलट आहे. थेरगाथा आणि थेरीगाथा उघडून बघा. बहुतेक गाथांबरोबर नाव आहे, की ही अमक्या थेराची, ही अमक्या थेरीची. तालपुट हा नट, त्याचे नाव आहे. आम्रपाली ही वैशालीची गणिका, नृत्य-गायनात निपुण. तिची गाथा तिच्या नावानिशी आहे. पटाचारा आहे, किसा गोतमी आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ, आधी तोंडपाठ करून आणि मग लिहून, भिक्खू संघाने गाथा जपली आणि गाथेबरोबर नावही जपले. अनित्य म्हणून नाव पुसून टाका, असे त्या अर्हतांना वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे ? अनित्यतेचा अर्थ बेफिकिरी असा होत नाही. सगळे नाशिवंत आहे म्हणूनच अप्रमादाने जपायचे, हाच तर त्या शिकवणीचा गाभा आहे.

आणखी दोघांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जीव गेले. लोकशाहीर विलास घोगरे यांना तो आघात सोसवला नाही आणि काही दिवसांतच त्यांनी आपले जीवन संपवले. 'जयभीम कॉम्रेड' या आनंद पटवर्धनांच्या माहितीपटामुळे घोगरे यांचा आवाज आणि चेहरा पुढच्या पिढीसाठी राहिला. इथे आम्ही तरुणांना कळकळीने सांगतो, की दुःख एकट्याने गिळू नका. विहाराचे दार उघडे आहे, बोला. आपल्या शाहिराने गात राहायला हवे होते, ही हळहळ आपल्याला आयुष्यभर पुरेल.

दुसरे लोकशाहीर विठ्ठल उमप. जन्म १९३१ चा. 'जांभूळ आख्यान' करणारा, कोळीगीत, भारूड, कव्वाली, पोवाडा सगळे एका गळ्यात असणारा हा माणूस. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर बौद्ध वाहिनीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. तेथेच मंचावर ते कोसळले आणि गेले. स्थळ दीक्षाभूमी आणि तारीख २६ नोव्हेंबर, म्हणजे १९४९ साली याच दिवशी आपण संविधान स्वीकारले. कलावंताला असे मरण येणे याला लोक भाग्य म्हणतात. आम्ही एवढेच म्हणू, की एकोणऐंशीव्या वर्षीही तो माणूस कामावर हजर होता.

केवळ आपल्याच माणसांचे नाव घेतले, असे कोणी म्हणू नये. घराघरात ज्यांनी हसू आणले त्यांचेही उपकार आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या पन्नाशीत गेले. त्यांचा 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा चित्रपट आजही टीव्हीवर लागला की आजी आणि नात एकाच जागी बसून हसतात. दिवसभर राबून आलेल्या घराला दोन घटका निर्मळ हसवणे, कोणाचा द्वेष न शिकवता हसवणे, हेही लहान पुण्य नाही.

आणि निळू फुले ! पडद्यावर असा दुष्ट पाटील रंगवायचे, की आयाबाया बोटे मोडायच्या. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, तरुणपणी पुण्यात माळीकाम केलेला. बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीला त्यांची साथ होती. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी डॉ. श्रीराम लागू आणि निळूभाऊ यांच्यासारख्या नटांनी 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग केले. पडद्यावर पाणवठा बाटवणाऱ्याची भूमिका आणि जीवनात पाणवठा खुला करण्याचे काम. १३ जुलै २००९ रोजी ते गेले. तालपुटाचे माप लावा, निळूभाऊ उत्तीर्ण होतात की नाही ?

आता स्मरण कसे करायचे, हा शेवटचा प्रश्न. नाक्यावर फलक लागतात, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नीट बघा त्याकडे. गेलेल्याचा फोटो वर एका कोपऱ्यात आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे तीस फोटो, गॉगल घालून, हात जोडून. गेले कोण आणि उरले कोण, तेच कळत नाही ! आठ दिवसांनी फलक उतरतो आणि आठवणही उतरते. मोठ्या नटाच्या निधनाची बातमी टीव्हीवर दिवसभर चालते. वस्तीतला ढोलकीवाला गेला, तर अंत्ययात्रेच्या खर्चासाठी घरोघर पावती फाडावी लागते. दोघांनीही आयुष्यभर केले तेच, लोकांचे मन रिझवले. मग इतका फरक का ?

म्हणून स्मरणिका समितीच्या वतीने आम्ही पाच गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. अवघड एकही नाही.

पहिली. या विहारात, आपल्या जयंतीत, आपल्या लग्नात आणि जलदान विधीत भीमगीत गायचे तर शेवटच्या कडव्यासकट गायचे. वेळ कमी असेल तर मधले कडवे सोडा, पण कवीच्या नावाचे कडवे सोडू नका. गाण्याआधी माईकवर सांगा, की गीत अमक्याचे, चाल अमक्याची. डीजेवाल्यालाही तसे बजावा.

दुसरी. घरातल्या जुन्या कॅसेट बाहेर काढा. ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाखाली पडलेल्या आहेत. फीत दमटपणाने चिकटते, बुरशी धरते आणि एकदा गेली की गेली. आपली शिकलेली पोरे संगणकावर त्या उतरवून घेतील. कॅसेटच्या कव्हरावर लिहिलेली नावेही उतरवून घ्या, कव्हर फेकू नका.

तिसरी. वस्तीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची एक वही विहारात ठेवू. नाव, गाव, कोणाकडे शिकले, कोणकोणती गाणी येतात. ज्या आजींना ओव्या आणि पाळणे येतात, त्यांचेही नाव त्यात लिहायचे. लेखी राहते तेच राहते, हे भीमराव कर्डकांनी आपल्याला करून दाखवले आहे.

चौथी. हयात आहेत त्यांना हयातीतच मदत करू. राज्य शासनाची वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना जुनी आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे आणि २०२४ साली मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. पण त्यासाठी वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि कलेची सेवा केल्याचे पुरावे लागतात. निवड जिल्ह्याच्या समितीकडून होते. आयुष्यभर फडावर उभा राहिलेला म्हातारा कागदाच्या खिडकीपुढे मात्र उभा राहू शकत नाही. कार्यक्रमपत्रिका, जुने फोटो, वर्तमानपत्राची कात्रणे जमवून त्याचा अर्ज भरून देणे हे आपल्या पदवीधर पोरांचे काम. एका शाहिराचे मानधन सुरू करून दिले, तर शंभर फलकांपेक्षा ती श्रद्धांजली मोठी.

पाचवी. हक्काची गोष्ट. आपल्या देशात १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवी गेल्यानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क असतो. म्हणजे २००४ साली गेलेल्या कवीच्या गीतांवर २०६४ च्या अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा मोबदल्यातला वाटा आणखी पक्का झाला. विहारात फुकट कार्यक्रमात श्रद्धेने गायला कोणाची आडकाठी नाही, बिनधास्त गा. मात्र कोणी त्याच गीतांवर धंदा करत असेल, रेकॉर्ड काढून विकत असेल आणि कवीचे नावही घालत नसेल, तर त्याला विचारायचे धाडस आपल्यात पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा वाचायला शिकवले ते कशासाठी ?

बंधू-भगिनींनो, भाषण लांबले. जेवणाची पंगत थांबली आहे आणि मुलांचे पोट आमचे ऐकत नाही. तरीही एक सांगून थांबतो. उपतिस्स-कोलितांना पडलेला प्रश्न आजही खरा आहे. शंभर वर्षांनी या सभागृहातले कोणी नसेल, बोलणारा नसेल, ऐकणाराही नसेल. पण इथे सतरंजीवर बसलेल्या एखाद्या मुलीचे नातवंड तेव्हा एखादे भीमगीत म्हणत असेल. ते गीत त्याच्यापर्यंत पूर्ण पोचले, कवीच्या नावासकट पोचले, तर आपण आपले काम केले असे समजायचे.

आजचा सांस्कृतिक कार्यक्रम जेवणानंतर सुरू होईल. गाणाऱ्या सगळ्या मुला-मुलींना आमची विनंती आहे, वेळेची काळजी करू नका. घंटा वाजणार नाही. शेवटचे कडवे म्हणूनच खाली उतरा.

दिवंगत सर्व शाहीर, कवी, गायक, नट आणि वादक यांच्या स्मृतीला आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन. आता दोन मिनिटे उभे राहून आपण पुण्यानुमोदन करू.

नमो बुद्धाय ! जयभीम !
भवतु सब्ब मंगलम् !